करीला उघडलेली मशीन

उत्तमराव सरांनी अमडापूरच्या शाळेत हयातभर विज्ञान शिकवलं. प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि उलट दिशेने प्रतिक्रिया असते, हे वाक्य त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांकडून पाठ करून घेतलं होतं. बांधावरून दोन भावांची जुंपली, की मजा बघायला जमलेल्यांतला एखादा जुना विद्यार्थी हेच वाक्य म्हणून दाखवी. निवृत्त झाल्यावर मात्र सरांनी ठरवलं असावं, की हा नियम वार्षिक परीक्षेपुरताच होता.

निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर सकाळी फिरायला जाऊन एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करतात. सरांनी लाकूड कापायची मशीन मागवली. लोखंडी टेबल, टेबलाच्या मधल्या फटीतून वर डोकावणारं गोल दातेरी पातं, खाली मोटर, आणि बाजूला लाकूड टेकवून सरळ ढकलायची एक आडपट्टी. गावात तिला कटर म्हणतात. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, उन्हाळा संपल्यावर चादरीने झाकून ठेवलेल्या कूलरच्या समोर, तिची स्थापना झाली. स्थापनेला दिवस मिळाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. म्हणजे कर. करीला शहाणा माणूस नवीन चप्पलसुद्धा घालत नाही. पण मशीन ट्रान्सपोर्टच्या गाडीतून त्याच दिवशी उतरली, आणि खोका बघून सरांना धीर निघाला नाही.

मशीनसोबत थर्मोकोलमध्ये गुंडाळलेले आणखी काही भाग आले होते. पात्याच्या मागे उभी बसवायची एक पातळ पोलादी पट्टी. पात्यावर टोपीसारखं यायचं पारदर्शक झाकण. लाकूड पुढे जाऊ देणारे पण मागे येऊ लागलं की दात रोवणारे दोन पंजे. आणि लाकडाचं शेवटचं टोक हाताऐवजी जिने ढकलायचं अशी एक लाल काठी.

हे सगळं कशासाठी ते घरात एकट्या रेणुकाने वाचलं. रेणुका सरांची सून. तिने अमरावतीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि आता चिखलीच्या ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. तिला हाती येईल ते वाचायची खोड होती. धुण्याच्या पावडरच्या पुड्यावरचा मजकूरही ती शेवटपर्यंत वाची, तर मशीनसोबतची पुस्तिका कशी सोडणार?

मशीन बसवायला ज्ञानेश्वर मिस्त्री आले. त्यांनी थर्मोकोलमधला ऐवज उलटसुलट करून पाहिला आणि बाजूला सारला.

"हे तं राहूच द्या सर. हे कंपनीवाले फॉरेनच्या लोकायसाठी देतात. त्यायले लाकूड कापता येत नाई, म्हणून."

"म्हणजे न लावता चालतं?" सरांनी विचारलं.

"पळते. आतापरेंत म्या किती मशिनी बसवल्या, एकातबी हे लावलं नाई. लावलं तं पातं दिसत नाई. पातं दिसलं नाई तं काम कसं करान?"

हे सांगताना मिस्त्री एकेका भागावर उजव्या हाताची तर्जनी ठेवत होते. ती तर्जनी अर्धीच होती. उरलेली अर्धी कुठल्याशा मशीनवर गेली होती, आणि तेव्हा पातं अगदी स्वच्छ दिसत होतं. पण गावात त्या अर्ध्या बोटाला पदवीचा मान होता. ज्याचं एकही बोट गेलं नाही, त्याला या धंद्यातला अनुभव तो काय?

"मिस्त्री, ही मागची पट्टी तेवढी तरी राहू द्या," रेणुका म्हणाली. "पुस्तिकेत लिहिलंय, लाकूड उलटून अंगावर येतं म्हणून."

"ताई, पुस्तकात तं लय काय काय लिवते," मिस्त्री समजुतीने म्हणाले.

सगळे भाग परत थर्मोकोलमध्ये गेले आणि थर्मोकोल माळ्यावर.

मग चौरंगांचा हंगाम सुरू झाला. सरांनी केलेला चौरंग ओळखणं सोपं होतं. त्यावर तांब्या ठेवला की पाणी आपोआप हिंदकळे. अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, महालक्ष्म्यांच्या वेळी नवऱ्याचा पहिला चौरंग कौतुकाने देवीसमोर मांडला आणि एका पायाखाली घडी घातलेलं पोस्टकार्ड सारलं. शेजारच्या भगवंतरावांनी तरीही स्वतःसाठी एक सांगून ठेवला होता. ते एसटीत कंडक्टरचे कंट्रोलर झाले होते. डुगडुगण्याची त्यांना सवय होती.

भगवंतरावांच्याच चौरंगाचा प्लाय कापताना ती गोष्ट घडली. रेणुका चहा घेऊन शेडच्या दाराशी आली होती. सर पात्यासमोर उभे राहून एक लहानसा तुकडा हातानेच ढकलत होते. तुकडा पात्याच्या पलीकडे गेला, किंचित तिरका झाला, आणि आडपट्टी आणि पातं यांच्यामध्ये अडकला. पुढचं रेणुकाला दिसलं नाही. पुढचं दिसण्यासारखं नसतंच. एक फटका ऐकू आला, आणि सरांच्या कमरेजवळून काहीतरी गेलं. कूलरच्या पत्र्याला ताटाएवढा खळगा पडला होता आणि फाटलेल्या चादरीतून कूलरचं गवत बाहेर लोंबत होतं. सरांचा हात पात्याच्या इतक्या जवळ थांबला होता की रेणुकाने मोजायचं टाळलं.

सरांनी मशीन बंद केली. शर्ट कमरेशी चाचपला. मग म्हणाले, "प्लाय हलक्या प्रतीचा निघाला."

संध्याकाळपर्यंत निदान ठरलं. अन्नपूर्णाबाईंच्या मते नजर लागली होती. एवढी मोठी मशीन, त्यात दार उघडं. भगवंतराव जास्त पद्धतशीर होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि चौकशी सुरू केली.

"सर, मशीन उघडली कवा?"

"आली त्याच दिवशी."

"तारीख नाई इचारत. दिवस कोणता होता?"

सर घुटमळले. "करीचा."

"मंग झालं तं," भगवंतरावांनी हात झटकले. "करीले उघडली, पूजा नाई, नारळ नाई. थे काय करन? तिनं मांगून घेतलं. कूलरवर भागलं हे नशीब समजा. आता खांडेनवमी येऊन राह्यली. तिले कोहळा द्या."

खांडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते आणि बळी म्हणून कोहळा कापतात, हे रेणुकाला ठाऊक होतं. तिच्या माहेरी अकोल्यालाही कापत. तिने मान डोलावली. कोहळ्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"पण कोयत्यानं नाई," भगवंतराव पुढे म्हणाले. "ज्या शस्त्राले भोग पाह्यजे, थ्याच शस्त्रानं कापला पाह्यजे. मशीनवरच कापा. तुमच्या हातानं."

"हाव, हे बरोबर आहे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

रेणुकाच्या हातातला कप बशीवर जरा जोरात ठेवला गेला.

त्या रात्री तिने जेवताना नीट समजावून सांगायचा प्रयत्न केला. समोर विज्ञानाचा शिक्षक होता, त्यामुळे काम सोपं जाईल असं तिला वाटलं. तिचं वय अजून लहान होतं.

"मामाजी, पात्याचे पुढचे दाते खाली जातात, लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दाते वर येतात. लाकूड त्या मागच्या दात्यांना अडकलं, की ते उचललं जातं आणि आपल्याकडे फेकलं जातं. ती पोलादी पट्टी पात्याच्या मागे उभी राहते, म्हणजे लाकूड मागच्या दात्यांपर्यंत वळतच नाही. एवढंच तिचं काम."

"कळलं," सर म्हणाले.

"त्या दात्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर असतो. मी हिशेब केला. त्या वेगाने इथून एसटी निघाली तर पाऊण तासाच्या आत जळगाव जामोद."

"पाऊण तासात तं एसटी स्टँडातूनच निंगत नाई," अन्नपूर्णाबाई वाढता वाढता म्हणाल्या.

"आणि कोहळा गोल आहे. त्याला टेबलावर टेकायला सपाट बाजू नाही, आडपट्टीला लावायला सरळ कड नाही. दाते लागताच तो गरगर फिरेल. त्याच्यावर तुमचा हात असणार. कोहळा फिरला की हातही त्याच्यासोबत पात्यावर जाणार."

"रेणुका," सर शांतपणे म्हणाले, "गती मी तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय."

"मग सांगा ना, लाकूड कुणीकडे येतं?"

"उलट दिशेला."

"आणि उलट दिशेला कोण उभं असतं?"

सरांनी ताकाचा पेला संपवला, मिशी पुसली. "हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता," म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

रेणुकाने नवऱ्याकडे पाहिलं. देवेश बँकेत क्लार्क होता आणि खिडकीपलीकडच्या माणसाला उद्या यायला सांगण्यात वाकबगार होता. "बघू ना," तो म्हणाला. "अजून दिवस आहेत."

ते दिवस रेणुकाने त्या हाताकडे बघण्यात घालवले. सरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. गावातलं कुणाचंही मानपत्र असो, नाव लिहायला कागद सरांकडेच येई. ते ओसरीवर बसत, बोरू शाईत बुडवत, आणि एक एक अक्षर असं उतरवत की बघणारा श्वास रोखून धरी. तो हात. ती पट्टी न लावता, झाकण न ठेवता, एका गोल भाजीवर दाब देऊन, सर्वांसमक्ष. रेणुकाला शास्त्रज्ञासारखा विचार करायची सवय होती. आता तिला एकच आलेख दिसे, आणि त्याच्या टोकाला चिखलीचा दवाखाना असे.

तिने ज्ञानेश्वर मिस्त्रींना गाठलं. ते बाजूच्या घराची चौकट बसवत होते.

"मिस्त्री, खांडेनवमीला कोहळा कटरवर कापायचाय. तुमचा हात बसलेला आहे. तुम्हीच कापा ना."

मिस्त्रींचा रंधा थांबला. त्यांनी आधी रेणुकाकडे आणि मग रस्त्याकडे पाहिलं.

"म्या नाई बा."

"काऊन?" रेणुकाने त्यांच्याच भाषेत विचारलं.

"थो मान घरधन्याचा असते," मिस्त्री अत्यंत नम्रपणे म्हणाले. "आपुन कायले मधात पडावं?"

म्हणजे मिस्त्रींनाही ठाऊक होतं. फक्त त्यांनी ते ज्ञान स्वतःच्या उरलेल्या बोटांपुरतं राखून ठेवलं होतं.

शेवटी रेणुकाच्या लक्षात आलं, की आपण चुकीच्या खात्यात अर्ज करतोय. या घरात न्यूटनचं कुणी ऐकत नव्हतं, त्यात सरांनी तर त्याला वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून पुसून टाकलेलं. पण घरात एक खातं असं होतं, ज्याचा हुकूम कुणी मोडत नसे.

नवरात्रात एका दुपारी अन्नपूर्णाबाई चिंच लावून समया घासत बसल्या होत्या. रेणुका शेजारी बसली आणि तिने एक तबक ओढून घेतलं.

"आत्याबाई, एक विचारू? पूजेतली मूर्ती भंगली असली तर चालते का?"

"नाई वो बाई. विसर्जन करा लागते तिचं."

"आणि एखादा हात नसला तर?"

"कायले असं अभद्र विचारतं?"

"नाही, मशीनचा विचार करत होते," रेणुका तबक घासत राहिली. "खांडेनवमीला तिची पूजा करायची, आणि तिचे अवयव तर माळ्यावर पडलेत. मागची पट्टी नाही, डोक्यावरचं झाकण नाही, पंजे नाहीत. आमच्याकडे म्हणतात, शस्त्र सर्वांग पुजावं. अर्धं पुजलं तर अर्धाच भोग पावतो आणि उरलेल्यासाठी ते फिरून मागतं."

अन्नपूर्णाबाईंचा हात समईवर थांबला.

"असं म्हणतात?"

"हो," रेणुका म्हणाली.

असं कुणीच म्हणत नव्हतं. प्रयोगाचे आकडे मनाने लिहिणाऱ्याला पहिल्यांदा वाटत असेल ते सगळं रेणुकाला वाटलं. आधी लाज वाटली. मग आश्चर्य वाटलं, की जे खऱ्या आकड्यांना जमलं नाही ते या बनावट शास्त्राला चहा होण्याच्या आत जमलं. अन्नपूर्णाबाई पदराला हात पुसत उठल्या आणि ओसरीकडे तोंड करून म्हणाल्या, "अवो, ऐकलं का? माळ्यावरचा थो खोका काढा. लंगडी मशीन मी पुजू देणार नाई."

सरांनी हरकत घेतली. मिस्त्रींचा दाखला दिला. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मिस्त्री पूजा करते का माझ्या घरची?" सरांनी आयुष्यात अनेक शिक्षणाधिकाऱ्यांपुढे तोंड उघडलं होतं, पण हा वरचा दर्जा होता. खोका खाली आला.

भाग बसवायला मिस्त्रींना बोलावलं, तेव्हा एक गमतीची गोष्ट उघड झाली. आतापर्यंत त्यांनी एवढ्या मशिनींची ही पट्टी बाजूला सारली होती, पण ती बसते कशी हे त्यांना माहीत नव्हतं. कधी वेळच आली नव्हती. मग रेणुकाने पुस्तिका उघडली. पट्टी पात्याच्या अगदी मागे, पात्याच्याच रेषेत उभी राहायला हवी होती. तिने स्टीलची मोजपट्टी दोन्हीला टेकवून पाहिली, किंचित तिरकी वाटली म्हणून परत सैल करायला लावली, परत आवळायला लावली. मिस्त्री पाना फिरवत म्हणाले, "ताई, पूजेपुरतंच हाय नं?"

"देवाचं काम आहे मिस्त्री," रेणुका म्हणाली. "वाकडं नको."

खांडेनवमीला सकाळी शेड सारवल्यासारखी स्वच्छ झाली. मशीनला झेंडूचा हार आला. अन्नपूर्णाबाईंनी पट्टीला हळदकुंकू वाहिलं, झाकणाला वाहिलं, दोन्ही पंजांच्या एकेका दाताला बोट लावलं, आणि लाल काठीला दोरा बांधला. लाल काठी कशासाठी आहे ते त्यांनी विचारलं नाही. देवाच्या हातातलं प्रत्येक आयुध कशासाठी असतं हे आपण कुठे विचारतो?

भगवंतराव कोहळा घेऊन आले. धाडच्या बाजारातून खास आणला होता. एसटीत त्यांनी त्याला मांडीवर बसवून आणलं असावं, कारण पँटवर कोहळ्याच्या सालीवरची पांढरी राख उतरली होती. कोहळा चांगला मोठा, दोन हातांत न मावणारा.

"चला सर. घ्या देवाचं नाव."

सर नवा शर्ट घालून पुढे आले. त्यांनी कोहळा टेबलावर ठेवला. तो लगेच रेणुकाच्या दिशेने घरंगळला. सरांनी त्याला परत जागेवर आणला आणि पात्याकडे सरकवला. कोहळा झाकणाला जाऊन टेकला आणि थांबला. झाकणाखाली जेमतेम फळी जाईल एवढी जागा. सरांनी कोहळा आडवा केला, उभा केला. मिरवणुकीतला उंच गणपती तारेखाली अडावा तसा प्रकार झाला.

"थे झाकण काढा नं," भगवंतराव म्हणाले. "दोन मिंटाचं काम."

मिस्त्रींनी खिशात पाना चाचपला. रेणुकाने श्वास घेतला, पण तिला बोलायची गरज पडली नाही.

"हात नका लावू," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "कुंकू लागलं त्याले. मांडलेल्या पूजेतून देव उचलतेत का कोणी मधातच?"

"वहिनी, पण मंग कोहळा..."

"कोहळ्याले कोयता हाय घरात. आतापरेंत सगळे कोयत्यानंच कापत आले. तुमच्या वडिलायनं काय कटरवर कापला होता?"

भगवंतरावांनी मिस्त्रींकडे मदतीसाठी पाहिलं. मिस्त्रींनी पाना पुन्हा खिशात खोल ढकलला. "वहिनी म्हणतात थे बरोबर हाय. लागलेलं कुंकू मोडू नाई." त्यांच्या चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी झोप लागणार असलेल्या माणसाचं समाधान होतं.

कोयता आला. कोहळा बायका चिरत नाहीत, म्हणून सरांनीच घाव घातला. कोयता मधेच रुतला, भगवंतरावांनी कोहळा पायात धरला, मिस्त्रींनी कोयत्याच्या पाठीवर हातोडी मारली, आणि तिघांनी मिळून कोहळ्याला एकदाची मुक्ती दिली. दोन्ही फोडींत कुंकू भरलं, नारळ फुटला, आरती झाली.

"आता पहिला काप घ्या," भगवंतराव म्हणाले. "पाहू तरी शांत झाली का नाई."

चौरंगासाठी जळगाव जामोदहून सागाची फळी आणलेली होती. सरांनी मशीन सुरू केली, फळी आडपट्टीला लावली आणि ढकलू लागले. झाकणातून भुसा उडताना दिसत होता. फळी अर्धी चिरली गेली, आणि तेव्हा रेणुकाला दिसलं, की चिरेच्या दोन्ही बाजू हळूहळू मिटू लागल्यात. लाकडात झाड असतानाचा ताण शिल्लक असतो. चिरलं की काही फळ्या फाकतात, काही मिटतात. ही मिटणारी होती. पट्टी नसती तर त्या दोन बाजूंनी आता पातं चिमटीत धरलं असतं.

त्या बाजू पोलादी पट्टीवर येऊन टेकल्या. मोटरचा आवाज घोगरा झाला. फळीने मागे एक हिसका दिला, आणि त्याच क्षणी दोन्ही पंजांनी दात रोवले. फळी जागच्या जागी थांबली. सरांनी बटण दाबलं. पातं फिरत फिरत मंद झालं आणि थांबलं.

झालं एवढंच. काही उडालं नाही, काही फुटलं नाही. शेडमध्ये बघण्यासारखं काही घडलंच नव्हतं, आणि न घडलेल्या गोष्टीला साक्षीदार मिळत नाहीत.

"पाह्यलं?" भगवंतराव सगळ्यांकडे वळून म्हणाले. "भोग मिळाला तशी गरीब गाय झाली. आवाजबी कसा खाली आला पाहा. कोहळ्याचं काम हे."

"तं काय," अन्नपूर्णाबाईंनी हात जोडले.

मिस्त्रींनी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं आणि कोहळ्याला दुजोरा दिला. देवेशने मोबाइलवर फोटो काढला. फोटोत हार चांगला आला, पंजे हाराआड गेले.

सर मात्र फळीपाशीच उभे होते. त्यांनी फळी स्वतःकडे ओढून पाहिली. आली नाही. जरा जोराने ओढली. पंजे आणखी रुतले. मग त्यांनी पंजे बोटाने वर उचलले, फळी मोकळी केली, आणि सागावर उमटलेल्या दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. हिसका त्यांच्या कोपरापर्यंत आला असणार, कारण दुसऱ्या हाताने ते कोपर चोळत होते. त्यांनी एकदा वळून रेणुकाकडे पाहिलं. रेणुका पंचपात्रातलं पाणी तुळशीला घालायला निघाली होती. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला भगवंतराव आले ते आपट्याच्या पानांसोबत एक नवीन मुद्दा घेऊन आले.

"सर, माझा चौरंग आता होऊन जाऊ द्या. पण आधी उत्तरपूजा करून घ्या. अक्षता टाका, नमस्कार करा, आणि थे झाकणगिकण काढून टाका. मुसकी बांधल्यावानी दिसून राह्यली बिचारी."

रेणुका दारात उभी होती. उत्तरपूजेचा तिने विचारच केला नव्हता. तिने काढलेलं शास्त्र एका दुपारचं होतं, त्याला पुढचा अध्याय नव्हता.

"उत्तरपूजा केली की काढता येते?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"हाव तं. गणपती नाई का उचलत आपुन?"

अन्नपूर्णाबाईंना हे पटलं. पटण्यासारखंच होतं. त्या अक्षतांची वाटी आणायला आत गेल्या. सर सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेले, खिळ्याला टांगलेला पाना काढला आणि मशीनपाशी उभे राहिले. पाना उजव्या हातात. तोच हात. रेणुका मागोमाग गेली. वेग सांगून झाला होता, दिशा सांगून झाली होती, शास्त्रही सांगून झालं होतं.

अन्नपूर्णाबाई वाटी घेऊन आल्या. सरांनी पाना बोल्टवर ठेवला. मग काढला. चष्मा पुसला.

"उत्तरपूजा नाही करता येणार," ते म्हणाले.

"काऊन?" भगवंतराव म्हणाले.

"उत्तरपूजा पाहुण्या देवाची असते भगवंतराव. गणपती येतो, जातो. महालक्ष्म्या येतात, जातात. ही काय पाहुणी आहे? ही घरातच राहणार. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाची उत्तरपूजा केली का तुम्ही कधी?"

भगवंतरावांनी बराच विचार केला. "नाई."

"त्याचे दागिने रोज उतरवून माळ्यावर ठेवता?"

"नाई बा."

"मग."

अन्नपूर्णाबाईंनी अक्षता मशीनवर न टाकता वाटीतच ठेवल्या. "हे तं माझ्या ध्यानातच नाई आलं," त्या पुटपुटल्या.

"म्हणजे हे असंच राह्यन? कायम?" भगवंतरावांना मशीनची फार दया आली होती. "सर, हे लिवलं कुठं हाय पण?"

सरांनी पाना खिळ्याला अडकवला. "रेणुकाला विचारा. तिने यातलं पुष्कळ वाचलंय."

सरांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तोंडी परीक्षेत नापास होऊ घातलेल्या पोराला इशारा देताना ते असाच चेहरा ठेवत, असं देवेशने तिला सांगितलं होतं. म्हणजे चिंच लावलेल्या समयांची ती दुपार त्यांनी ओसरीवरून पूर्ण ऐकली होती.

"असतं तसं, काका," रेणुका म्हणाली. "घरच्या देवाचं काहीच काढत नाहीत."

दोन विज्ञानवाल्यांनी एकमतानं सांगितल्यावर भगवंतरावांचा नाइलाज झाला. ते आपला चौरंग बघायला मशीनच्या अलीकडे, सरांच्या मागेच खुर्ची टाकून बसले. सरांनी कालची फळी उचलली, आडपट्टीला लावली. मशीन सुरू करण्याआधी ते एक पाऊल डावीकडे सरकले आणि फळीच्या रेषेतून बाहेर उभे राहिले. असं ते याआधी कधी उभे राहिले नव्हते, आणि यासाठी घरात कुणी कुठलंही शास्त्र काढलेलं नव्हतं. मग त्यांनी वळून पाहिलं.

"भगवंतराव, खुर्ची जरा तिकडे घ्या."

"काऊन?"

"उजेड अडतोय."

भगवंतराव कुरकुरत उठले आणि खुर्ची भिंतीकडे ओढू लागले. उजेड सरांच्या समोरच्या खिडकीतून येत होता.